दिवाळीला रंगवलेला बोळ संक्रांतीला सोलतो : भिंत आधी तपासा, सजावट मागून

आमच्या घरातला बोळ २८ फूट लांब आणि ३ फूट ४ इंच रुंद आहे. समोरच्या सपरीतून (पडवीतून) निघतो, माजघर, धान्याची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या कडेनं जातो आणि मागे न्हाणीपाशी संपतो. अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात असे बोळ घरोघरी आहेत. जुनी घरं लांबट होती, भावाभावांत वाटणी झाली की मधून भिंत घालून उभीच विभागली गेली. आमच्या बोळाच्या डाव्या हाताला भासऱ्यांच्या (थोरल्या दिरांच्या) आणि आमच्या मधली वीटभिंत आहे, उजव्या हाताला जुनी मातीची भिंत, दीड हात जाड.

तक्रार तुमच्याकडेही हीच असेल. दिवाळीला रंग दिला. डिसेंबरात जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांत फुगे आले. संक्रांतीला पापुद्रे निघाले. होळीच्या सुमाराला झाडू मारावा तर फरशीवर पांढरं पीठ सांडलेलं. वर लावलेल्या फोटोंच्या मागे काळी बुरशी. पुढच्या दिवाळीला पुन्हा पत्रीनं खरवडायचं, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग.

सहा दिवाळ्या मी हेच केलं. एकदा ऑइल पेंट लावला, पुसायला सोपा जाईल म्हणून. त्या वर्षी फुगे सगळ्यांत मोठे आले. एकदा तालुक्याच्या दुकानदारानं ओल थांबवणारा म्हणून एक महागाचा थर दिला. तो खालच्या तीन फुटांवर टिकला, पण ओल त्याच्या वर चढून साडेचार फुटांवर दिसू लागली. त्यानंतर प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकून भिंतच झाकून टाकली. वर्षभरानं एक पट्टी काढली तेव्हा मागे उधळी (वाळवी), बुरशी आणि एक विंचू. घरात लहान लेकरं आहेत, त्याच दिवशी सगळ्या पट्ट्या उतरवल्या.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भित वल्ली हाये बाई, तिले वरून पांघरूण घालून काय होते? अन् हे इकडची भित पाय, हे तं कधीच सोलत नाही."

खरंच होतं. उजव्या हाताच्या मातीच्या भिंतीला दरवर्षी पोतारा (पातळ मातीचा सारवा) आणि पांढरीची माती, याच्यापलीकडे काही मिळत नाही. तिला एक फुगा नाही. एकाच बोळात, एकाच पावसात, समोरासमोर उभ्या दोन भिंती, आणि रोग एकीलाच. रंग वाईट नव्हता, दुखणं भिंतीत होतं. तेव्हापासून मी रंगाच्या डब्यांऐवजी भिंत वाचायला लागले.

आधी हे तीन बघून घ्या

पहिलं, ती पांढरी भुकटी काय आहे. चिमूटभर काढून पेल्यातल्या पाण्यात टाका. विरघळली तर क्षार, म्हणजे लोणा. तरंगत राहिली, काळपट-हिरवट दिसली, कुबट वास आला तर बुरशी. बुरशी वरवरची असते, हवा आणि उजेड मिळाला की बरीचशी आटोक्यात येते. लोणा आतून येतो, त्याचा इलाज वेगळा.

दुसरं, ओल आतून येते की हवेतून बसते. एक हात लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा घ्या, खताच्या पिशवीचा आतला पातळ प्लास्टिकही चालतो. चारही कडांना चिकटपट्टी लावून तो भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या मागच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीच्या पोटातली. पुढच्या बाजूला जमलं तर ती हवेतली, तेव्हा वारा खेळवण्याची सोय करा. आमच्याकडे मागची बाजू थेंबांनी भरली होती.

तिसरं, ओलीची रेघ कुठपर्यंत आहे ती पेन्सिलनं आखा, बाजूला तारीख लिहा, आणि महिन्याभरानं पुन्हा बघा. रेघ सगळीकडे सारख्या उंचीवर असेल तर ओल जमिनीतून वर ओढली जाते आहे. एखाद्याच जागी उंच टोक असेल तर तिथे नळ, मोरी किंवा वळचण शोधा. आमची रेघ सगळीकडे अडीच फुटांवर होती आणि न्हाणीजवळ एकदम पाच फुटांवर. म्हणजे आजार एक नव्हता, दोन होते.

डावी भिंतच का सोलते

वीट, वाळू-सिमेंट, चुना, सगळ्यांत केसाएवढ्या बारीक पोकळ्या असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं त्यांतून जमिनीतलं पाणी वर चढतं. जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर, ज्याला मिस्त्री डीपीसी म्हणतात, तो घातला असेल तर पाणी तिथेच थांबतं. वाटणीच्या घाईत घातलेल्या भिंतींत तो बहुतेक नसतोच. आमच्यातही नाही.

नुसतं पाणी चढलं असतं तर निदान वाळलं तरी असतं. पण आपण खारपाणपट्ट्यात राहतो. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या मोठ्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. ही भिंत बांधताना माल कालवायला, विटा भिजवायला आणि नंतर पाणी मारायलाही आमच्याच विहिरीचं पाणी वापरलं होतं. म्हणजे मीठ आम्हीच भिंतीत कालवलं. काँक्रीटला कसलं पाणी चालतं याचं भारतीय मानक आहे, आयएस ४५६ : २०००. त्यानुसार लोखंड नसलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतं, लोखंड असेल तर ५०० पर्यंतच. हा दुसरा आकडा स्लॅब टाकणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा, कारण खारट पाण्यानं आतल्या सळया गंजतात आणि ते बाहेर दिसेपर्यंत वर्षं निघून गेलेली असतात. पाणी तपासून घ्यायचं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते.

आमच्या भिंतीला आणखी एक कारण होतं, आणि ते आत्याबाईंनाच माहीत. वाटणीच्या आधी तिथे गोठा होता. पिढ्यानपिढ्या गुरांचं मूत त्या जमिनीत मुरलेलं. त्यातून नायट्रेटचे क्षार तयार होतात, जुन्या गोठ्यांच्या भिंतींवर खरवडून मिळणारा सोरा तो हाच. या क्षारांची खोड अशी की ते हवेतलं पाणीही ओढतात. म्हणून श्रावणात, नळ बंद असताना, मोरी कोरडी असताना, नुसत्या ढगाळ हवेतही भिंत काळपट ओली दिसते. तुमच्या घरात एकच खोली किंवा एकच भिंत सोलत असेल, तर तिथे पूर्वी काय होतं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आता दिवाळीचा आणि रंगाचा संबंध. पावसाळाभर भिंत पाणी पिते. पाऊस उघडला, ऑक्टोबरची ऊन्हं तापली की ते पाणी बाहेर यायला निघतं आणि सोबत क्षार घेऊन येतं. भिंत उघडी असेल तर पाणी उडून जातं, क्षार वरवर जमतात, झाडूनं निघतात. पण नेमकं त्याच वेळी आपण दिवाळीचा रंग चढवतो. मग क्षारांचे खडे रंगाच्या मागे वाढतात, आणि वाढताना पुट्टीला ढकलून फोडतात. फुगा तो हाच. जितका घट्ट रंग, तितका मोठा फुगा. मातीची भिंत आणि पांढरीचा पोतारा पाण्याला अडवत नाही, म्हणून ती भिंत शांत राहते.

आम्ही काय केलं

पहिलं काम बोळाच्या बाहेर होतं. छपराच्या पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडत होत्या, तिथे टिनाची पन्हाळ लावली. पायालगतची काळी माती दोन हात रुंदीनं उकरून मुरूम ठोकून भरला आणि बाहेरच्या बाजूला उतार दिला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि त्या भेगांतून पहिल्या पावसाचं पाणी सरळ पायात उतरतं. भिंतीला उभ्या-तिरप्या तडाही त्यामुळेच जातात. हे बाहेरचं काम सोडून आतून काहीही केलं तरी पैसे वाया जातात, हे मी अनुभवानं सांगते.

मग होळीनंतर आतलं प्लास्टर काढलं. ओलीच्या रेघेच्या वर आणखी एक हात, तेवढं सगळं विटांपर्यंत. सांध्यातला ठिसूळ माल अर्धा-पाऊण इंच खोल खरवडून काढला. खाली चिकटवलेली फरशीची पट्टीही काढली, कारण तिच्यामागे पाणी कोंडून वर चढत होतं. निघालेला लोणा कोरड्या ब्रशनं झाडला आणि गोळा करून घराबाहेर टाकला. इथे पाणी वापरू नका. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

तशीच उघडी भिंत अक्षय तृतीयेपर्यंत ठेवली. पाहुणे आले, विटा बघून विचारायचे, मी सांगायचे की भिंत वाळते आहे. भिंत वाळायला इंचाला साधारण एक महिना असा ठोकताळा धरतात. म्हणजे नऊ इंची भिंत दीड महिन्यात पूर्ण वाळत नाही. पण आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा फुकट मिळालेली भट्टी आहे, तो वाया घालवू नये. या दीड महिन्यात दर आठ दिवसांनी पुन्हा लोणा फुटला, दर वेळी झाडला. प्रत्येक खेपेला थोडा कमी येत गेला.

नवीन प्लास्टर चुन्याचं केलं. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, आणि थोडी विटांची बारीक सुरखी, म्हणजे ओलसर जागीही माल धरतो. पाणी शहानूर धरणाच्या नळाचं, टाकीत साठवून ठेवलेलं. चुन्याचं काम करणारा मिस्त्री मिळत नसेल तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू या मापानं कोणीही करून देईल, नुसत्या सिमेंटपेक्षा ते बरं. प्लास्टर फरशीला टेकवलं नाही, खाली एक इंच जागा सोडली. मिस्त्रींना ते पटत नव्हतं, काम अर्धवट दिसेल म्हणाले, पण ती फट राहू द्या, नाहीतर प्लास्टर फरशीवरचं पाणी शोषतं.

मातीच्या भिंतीला मात्र सिमेंटचा हात लावू नका. माती आणि कुटार (भुसा) भिजत घालून केलेल्या गाऱ्यानंच तिची डागडुजी करा. सिमेंट तिला धरत नाही, मधे पोकळी राहते, आणि एक दिवस अख्खा पोपडा खाली येतो.

सफेदी मृगाच्या आत आटोपली. चुना विरवताना लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुन्याचे खडे टाका, उलट करू नका. पाणी उकळतं, शिंतोडे उडतात, डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. लेकरांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा. किलोला साधारण पाच लिटर पाणी, एक दिवस मुरू द्यायचं, कापडातून गाळायचं, थोडा डिंक आणि किलोला दोन-तीन ग्रॅम नीळ घालायची, म्हणजे पिवळट झाक जाते. भिंतीवर आधी पाणी शिंपडून पहाटे हात मारायचा. दुपारी मारला तर चुना धरायच्या आधीच वाळतो आणि हाताला लागतो. पातळ तीन हात, जाड एक हात नव्हे.

आता सजावट

लांब अरुंद जागा भुयारासारखी वाटते, कारण दोन्ही बाजू सारख्या रंगाच्या असतात, शेवटी अंधार असतो, आणि जागोजागी काहीतरी पुढे आलेलं असतं.

सगळ्यांत जास्त फरक खालच्या पट्ट्यानं पडला. जमिनीपासून तीन फूट गेरूचा पट्टा, त्यावर बोटभर रुंद पांढरी रेघ, आणि वर सगळी सफेदी. जुन्या घरांत हा पट्टा सगळीकडे असायचा, मला वाटायचं शोभेसाठी. पण ओल चढते ती बरोबर तेवढीच उंची आहे. तिथला थर खराब होणारच, म्हणून तिथे स्वस्त, श्वास घेणारा, दरवर्षी हातानं पुन्हा फासता येईल असा रंग. हात आणि पोती घासून पडणारे डागही त्यात दिसत नाहीत. आता दिवाळीला मी एवढाच पट्टा नवीन करते, एका सकाळचं काम आहे. खालचे तीन फूट भिंतीचे, तिथे खिळा नाही, फोटो नाही, कपाट नाही. माझी सजावट तिथून वर.

बोळाच्या शेवटच्या भिंतीला चुन्यात पिवडी कालवून उबदार पिवळा दिला. टोकाची भिंत गडद किंवा उबदार असली की ती जवळ आल्यासारखी वाटते आणि लांबी कमी भासते. चुन्यात मातीचेच रंग वापरा, गेरू, पिवडी. बाजारातले बरेच भडक रंग चुन्याच्या दाहकतेनं उडतात.

उजेडासाठी टिनाच्या छपरात मधोमध एक पारदर्शक पत्रा घातला, उत्तरेच्या उतारावर. दक्षिणेला घातला असता तर मे महिन्यात बोळातून चालवलं नसतं. कवेलूचं छप्पर असेल तर दोन काचेची कवेलूही पुरतात. रात्रीसाठी एका ट्यूबऐवजी तीन छोटे एलईडी दिवे लावले. लांबीचे तीन सारखे भाग करून प्रत्येक भागाच्या मधोमध एक, आणि दोन्ही टोकांना टू-वे बटण. रात्री न्हाणीकडे जाताना आता आत्याबाईंना भिंत चाचपडावी लागत नाही, हे मला सगळ्या रंगांपेक्षा मोलाचं वाटतं.

आरसा टोकाच्या भिंतीवर लावू नका, बोळ दुप्पट लांब दिसतो. माजघराच्या दारासमोर लावा, म्हणजे खिडकीचा उजेड उचलून बोळात टाकतो.

फोटो फक्त उजव्या, कोरड्या मातीच्या भिंतीवर. आजेसासऱ्यांचा, गाडगेबाबांचा, तुकडोजी महाराजांचा. त्या भिंतीत आधीच दोन देवळ्या आहेत, एकीत समई, एकीत तांब्या. अरुंद जागेत देवळीसारखी सोय नाही, भिंतीच्या बाहेर काहीच येत नाही. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर ठेवला तर उभ्या माणसाच्या नजरेला येतो. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचे लाकडी गुटके लावा, हवा फिरते आणि बुरशी धरत नाही. दोन्ही बाजूंना फोटो लावले होते तेव्हा सोयाबीनचा कट्टा खांद्यावर घेऊन येणारा माणूस दर खेपेला एक तरी तिरका करायचा.

बोळाच्या फरशीवर रांगोळीची किंवा रंगाची रेघ काढायची असेल तर आडवी काढा. लांबीच्या दिशेनं काढलेली रेघ जागा आणखी ताणते.

कापसाच्या दिवसांत

भाव बघून विकायचा म्हणून कापूस घरात राहतो, आणि खोल्या भरल्या की बोळात येतो. तो डाव्या भिंतीला टेकवून ठेवू नका. भिंतीचं वाळणं थांबतं आणि कापूस ओल धरतो. केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की त्या प्रमाणात भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत, तेव्हा हा प्रश्न नुसत्या रंगाचा राहत नाही. आम्ही खाली लाकडी फळ्या टाकतो, भिंतीपासून वीतभर अंतर सोडतो आणि उजव्या हातालाच रचतो.

अजून काय राहिलं आहे

तीन पावसाळे झाले. सपरीपासून स्वयंपाकघरापर्यंतचे साधारण २२ फूट टिकले आहेत. नोव्हेंबरात गेरूच्या पट्ट्यावर पांढरी साय धरते, कोरड्या ब्रशनं झाडली की निघते, आणि दरवर्षी पातळ होते आहे. सफेदीला एकही फुगा नाही.

न्हाणीजवळचे सहा फूट मात्र अजून ऐकत नाहीत. तिथली रेघ पाच फुटांवरून साडेतीनवर आली आणि तिथेच थांबली. मोरीचा जुना पाइप भिंतीच्या पोटातून जातो आणि कुठेतरी सांध्यात झिरपतो, असा माझा अंदाज आहे. एका संध्याकाळी मोरीत गडद नीळ घातलेलं दोन बादल्या पाणी ओतलं, सकाळी भिंतीच्या तळाशी फिकट निळा डाग उमटला होता. या होळीला तेवढाच तुकडा उघडते आहे, पाइप भिंतीच्या बाहेरून घेऊन सांदवाडीत काढायचा आहे. तोवर तिथे गेरूही लावला नाही, विटा उघड्याच ठेवल्या आहेत.